कॉस्टिकने भाजलेल्या डोळ्यावर स्वतःच्याच स्टेम सेल: पुण्यात करून घेतलेल्या ‘स्लेट’ शस्त्रक्रियेचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो. एका डोळ्यात केमिकल जाऊन कॉर्निया (बुबुळाची पारदर्शक काच) खराब झाला असेल आणि दुसरा डोळा धडधाकट असेल, तर ‘स्लेट’ (चांगल्या डोळ्यातला छोटा तुकडा घेऊन त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी, खराब डोळ्यावर लावायची शस्त्रक्रिया) करणाऱ्या कॉर्नियाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचं कुठलंही पाऊल उचलू नका. माझ्या उजव्या डोळ्याला समोर हात हलला एवढंच कळायचं. आज त्याच डोळ्याने मी तक्त्यावरच्या वरच्या ओळी वाचतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोळा दुखत नाही, उन्हात उघडा राहतो. उपचाराला पाचपैकी साडेचार, रुग्णालयाच्या व्यवस्थेला साडेतीन.

रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हा रिव्ह्यू उपचाराचा आहे. डॉक्टर जागा बदलतात, विभाग वर-खाली होतात. नाव वाचून तुम्ही थेट तिथे जाल आणि विचारायचे प्रश्न राहून जातील. ते प्रश्नच मला तुमच्यापर्यंत पोचवायचे आहेत.

मी भोसरी एमआयडीसीत झिंक प्लेटिंगच्या शॉपमध्ये लाइन सांभाळतो. प्लेटिंगच्या आधी पार्टवरचं तेल काढायला गरम कॉस्टिक सोड्याची टाकी असते. भरलेला जिग (पार्ट अडकवायची चौकट) हुकावरून सुटून टाकीत परत पडला आणि शिंतोडा उडाला. गॉगल डोळ्यावर होता, पण कंपनीने दिलेला साधा, कडेने उघडा. केमिकल खालच्या फटीतून आत गेलं. प्लेटिंगमध्ये असाल तर चारही बाजूंनी चेहऱ्याला घट्ट बसणारा, केमिकलसाठीचाच गॉगल मागून घ्या. किंमत फार नसते आणि मालकाला तो द्यावाच लागतो.

लोकांना ॲसिडची भीती जास्त वाटते. डोळ्याच्या बाबतीत अल्कलीची जास्त धरावी. ॲसिड वरच्या थरातली प्रथिनं गोठवतं आणि त्या गोठलेल्या थरापाशी बऱ्याचदा अडकतं. अल्कली पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाचा साबण करते आणि आत उतरत जाते. कॉस्टिक, अमोनिया, चुना, सगळ्यांचं हेच. चुन्याची पुडी दाबताना लहान पोरांच्या डोळ्यात फुटते, ती इजासुद्धा याच जातीची. आमच्या हेल्परने मला ओढत नळाखाली नेलं, पापण्या बोटांनी फाकवल्या आणि पाणी सोडत राहिला. आणि त्या पोराने अजून एक गोष्ट केली, तिचं कौतुक नंतर कॉर्नियाच्या डॉक्टर मॅडमनीही केलं. बाथ तपासायचा पीएच पेपर आमच्या हाताशीच असतो. त्याने पट्टी फाडून माझ्या खालच्या पापणीत टेकवली. निळी झाली, पुन्हा पाणी. परत टेकवली, पुन्हा पाणी. पट्टीचा रंग उतरेपर्यंत त्याने मला उठू दिलं नाही. डॉक्टरही हेच करतात: किमान अर्धा तास धुणं आणि पीएच सामान्य होईपर्यंत न थांबणं. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही.

तरीही लिंबस, म्हणजे बुबुळाची कड, भाजला होता. त्याचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला.

सुरुवातीचे महिने नुसती आग. वरची जखम भरली असं वाटायचं आणि थोड्याच दिवसांत परत सोलवटायची. मग पांढऱ्या भागातून लाल शिरा काळ्या बुबुळावर चढायला लागल्या, जोडीला धुरकट पडदा. रस्त्यावरचे समोरून येणारे दिवे सहन होईनात. घरी ट्यूबलाइटसुद्धा बंद. एका ठिकाणी दाखवलं, तिथे पाच मिनिटांत सांगितलं, ‘बुबुळ बदलावं लागेल, आय बँकेत नाव घाला.’ घरचे तयार झाले, मीही झालो. बायको म्हणाली, ‘अहो, एवढा मोठा निर्णय आहे, अजून एका डॉक्टरांना विचारू ना.’ तिच्या या आग्रहामुळे आम्ही कॉर्नियाच्या विभागात गेलो.

मॅडमनी फ्लुरोसिनचा पिवळा थेंब घातला, निळा दिवा लावला आणि स्लिट लॅम्पचा (डोळा मोठा करून बघायच्या यंत्राचा) फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला. निरोगी पृष्ठभाग असतो तिथे रंग धरत नाही. माझं अख्खं बुबुळ हिरवट ठिपक्यांनी आणि भोवऱ्यासारख्या रेघांनी भरलेलं होतं. त्यांनी पेनाने बुबुळाची कड दाखवली, काळा भाग संपून पांढरा सुरू होतो ती गोल रेघ. ‘हा लिंबस. कॉर्नियाच्या वरच्या थराच्या सगळ्या नव्या पेशी इथल्या स्टेम सेलपासून तयार होतात आणि आत मध्याकडे सरकतात.’ तो वरचा थर साधारण आठवड्या-दहा दिवसांत नवा होत असतो. लिंबसचं दुसरं काम राखणीचं. पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा, तिच्यातल्या रक्तवाहिन्यांसकट, बुबुळावर चढू नये म्हणून तो अडवून धरतो. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणूनच तो काचेसारखा पारदर्शक असतो. लिंबस मेला की नव्या पेशी बंद, राखणही बंद.

मग बुबुळ का बदलायचं नाही, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. दात्याकडून येते ती मधली चकती, सात-आठ मिलिमीटरची. लिंबस तिच्याबरोबर येत नाही. चकतीवरच्या पेशी झडल्या की त्यांची जागा घ्यायला माझ्याकडे काही नाही. त्या शिरा पुन्हा चढणार, चकती पुन्हा धुरकटणार. पार्टवरचं तेल-गंज नीट न काढता त्याला प्लेटिंग केलं, तर पहिल्या दिवशी चकचकीत दिसतं आणि नंतर पापुद्रे सुटतात, हे मी रोज बघतो. माझ्या डोळ्यालाही आधी पृष्ठभाग हवा होता.

आता त्या क्लिनिकबद्दल. कॉर्निया विभागाच्या तारखांच्या मधल्या काळात एका नातेवाइकाने मला पुण्यातल्याच एका ‘स्टेम सेल सेंटर’मध्ये नेलं. नाव लिहीत नाही. वेटिंग रूममध्ये गुडघेदुखी, मधुमेह, केस गळणं, ऑटिझम आणि डोळे, सगळ्यांना एकच माहितीपत्रक. पोटाच्या चरबीतून पेशी काढून इंजेक्शन, तीन सिटिंगचं पॅकेज, आजच पैसे भरले तर सवलत. मी विचारलं, ‘इंजेक्शन डोळ्यात कुठे देणार?’ उत्तर आलं, ‘सर, स्टेम सेलना बरोबर कळतं कुठे जायचं.’ स्लिट लॅम्प त्या जागेत नव्हताच. डोळा न बघता डोळ्याचं पॅकेज विकत होते. एका आईच्या मांडीवर लहान मुलगा होता आणि ती पैसे मोजत होती. माझा संताप अजून गेलेला नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जेतल्या पेशींचं रोपण सोडून स्टेम सेलचे बाकीचे उपचार हे प्रायोगिक, ते मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवेत. चरबीच्या पेशींचं डोळ्यात काय होऊ शकतं हेही जगाला माहीत आहे. अमेरिकेत फ्लोरिडात एका क्लिनिकने दृष्टिपटलाच्या आजारासाठी तीन बायकांच्या डोळ्यांत अशी इंजेक्शनं दिली आणि त्यांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ते छापून आलं. स्लेटमध्ये कसलंही इंजेक्शन नाही, चरबी नाही, प्रयोगशाळेत पेशी वाढवणं नाही. तुमच्याच डोळ्यातली तीच जागा, तुमच्याच दुसऱ्या डोळ्यावर, त्याच एका ऑपरेशनमध्ये.

ही पद्धत हैदराबादची आहे, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो. निरोगी डोळ्यातून लिंबस घेऊन लावायची कल्पना केन्यन आणि त्सेंग यांनी १९८९ मध्ये मांडली, पण त्यात चांगल्या डोळ्याचा बराच भाग काढावा लागायचा. १९९७ मध्ये इटलीत पेलेग्रिनी, डे लुका आणि सहकाऱ्यांनी अगदी छोटा तुकडा घेऊन पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. त्याच वाटेवरून आलेल्या होलोक्लार या उपचाराला २०१५ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. अडचण एकच, अशी प्रयोगशाळा उभी करणं आणि चालवणं फार महाग. एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटच्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की पेशी थेट डोळ्यावरच वाढवता येतात, प्रयोगशाळा लागत नाही. २०१६ मध्ये त्यांनी १२५ डोळ्यांचे निष्कर्ष छापले, त्यात ७६ टक्के यश. म्हणजे चारातल्या साधारण एकाचं टिकलं नाही, हेही डोक्यात ठेवा. कुणाचं टिकत नाही तेही त्यात आहे: ॲसिडची इजा, पापणी डोळ्याला फार चिकटलेली असणं, आणि स्लेटबरोबरच बुबुळही बदललं असेल तर. ते शेवटचं कारण वाचून मी बायकोकडे बघितलं. आम्ही ती घाई करायला निघालोच होतो.

खरी भीती मात्र चांगल्या डोळ्याची. उजवा गेला होता, डावा तेवढा राहिला होता आणि आता त्यालाच कात्री लावायची म्हणतात. मी सरळ विचारलं, ‘मॅडम, डाव्याला काही झालं तर मी करायचं काय?’ त्यांनी उडवून लावलं नाही. केसपेपरच्या मागे माझ्या डोळ्याचं वर्तुळ काढलं आणि वरच्या पापणीखाली येईल अशा जागी दोन मिलिमीटर बाय दोन मिलिमीटरचा चौकोन आखला. अख्ख्या कडेचा घड्याळातला एक तास धरा, तेवढीच जागा. बाकीचे अकरा तास शाबूत. मग म्हणाल्या, ‘धोका शून्य आहे असं मी लिहून देणार नाही. पण डाव्या डोळ्याचा लिंबस पूर्ण निरोगी आहे याची खात्री करूनच हात लावेन.’ त्या दिवशी त्यांनी उजव्यापेक्षा डावा जास्त वेळ तपासला. ज्या डॉक्टरांनी तुमच्या चांगल्या डोळ्यावर वेळ घालवला नाही, त्यांच्याकडे ही शस्त्रक्रिया करू नका.

लगेच तारीखही मिळाली नाही. डोळ्यातली जळजळ पूर्ण शमल्याशिवाय लावलेल्या पेशी जगत नाहीत. अश्रू पुरेसे आहेत का हे पापणीत कागदाची पट्टी अडकवून तपासलं. दाब मोजला. पापणी नीट मिटते का बघितलं. भाजलेल्या डोळ्यात काचबिंदू व्हायची शक्यता असते आणि स्टिरॉइडच्या थेंबांनीही दाब वाढतो, म्हणून तो दर वेळी मोजायचा. कुठे मोजत नसतील तर आठवण करून द्या.

ऑपरेशन भूल देऊन, पण जागेपणी. डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन दिलं तेवढंच जाणवलं. आधी डाव्यातून तो इवलासा तुकडा घेतला. मग उजव्या बुबुळावर चढलेला मांसल पडदा शिरांसकट सोलून काढला. त्यावर ॲम्नियॉटिक मेंब्रेन पसरलं. सिझेरियन झालेल्या आयांनी दान केलेल्या वारेचं हे पातळ आवरण, टिश्यू बँकेत तपासून, साठवून ठेवलेलं. ते फायब्रिन ग्लूने (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या गोंदाने) चिकटवतात, टाके नाहीत. माझ्या तुकड्याचे आठ-दहा कण केले आणि बुबुळाचा मध्य मोकळा ठेवून भोवती गोलात मांडले. वरून पुन्हा ग्लूचा थेंब आणि सगळ्यावर मऊ बँडेज लेन्स. मला दिसत काही नव्हतं, पण मॅडम असिस्टंटला कण मोजून सांगत होत्या ते ऐकू येत होतं. कोण कुठली आई असेल जिची वार माझ्या डोळ्यावर आली. घरी आल्यावर मी तिच्यासाठी देवापुढे दिवा लावायला सांगितला.

पुढच्या तपासणीत स्लिट लॅम्पखाली ते कण दिसले. मॅडमनी फोटो दाखवला: पांढुरके ठिपके, प्रत्येकाभोवती निरोगी पृष्ठभाग पसरत चाललेला आणि मधे हिरवा रंग धरणारी जागा दर वेळी लहान होत गेलेली. मग एके दिवशी हिरवं काही उरलंच नाही. मेंब्रेन काही आठवड्यांत आपोआप विरघळून गेलं.

घरची मेहनत मोठी आहे. सुरुवातीला दिवसभर थेंबच थेंब, अँटिबायोटिक वेगळं, स्टिरॉइड वेगळं, दोन्हींमध्ये पाच मिनिटांचं अंतर. स्टिरॉइडची बाटली हलवून मगच घालायची, नाहीतर औषध तळाशीच राहतं. हे केमिस्टने सांगितलं नाही, नर्सने सांगितलं. डोक्यावरून अंघोळ बंद, डोळा चोळणं बंद. नाशिक फाट्यापासून पुढे मेट्रोने जायचो, कारण दुचाकीवर चाकण रोडची धूळ झेपली नसती. गणपतीत मुलं मला मिरवणुकीला चला म्हणून ओढत होती, मी गॅलरीतून बघितलं. गुलाल आणि लेझर, दोन्ही अशा डोळ्याला वर्ज्य. स्वतःच्याच पेशी असल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घ्याव्या लागल्या नाहीत, हा फार मोठा दिलासा. दोन्ही डोळे भाजलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना जवळच्या नातलगाचा किंवा दात्याचा लिंबस लागतो आणि त्याबरोबर त्या गोळ्या येतात, किंवा तोंडाच्या आतल्या त्वचेच्या पेशी वापरतात. जपानमध्ये तर २०१९ मध्ये ओसाकाच्या निशिदा यांच्या गटाने आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी बदलून केलेल्या स्टेम सेलपासून) बनवलेला कॉर्नियाचा थर पहिल्यांदा माणसाला लावला. दोन्ही डोळे गेलेला माझा एक ओळखीचा पेंटर आहे, तो असं काहीतरी आपल्याकडे यायची वाट बघतोय. त्याच्यासाठी मी या बातम्या शोधून वाचतो.

आता गुण कुठे कापले ते. संमतिपत्र फक्त इंग्रजीत होतं. मी मराठी प्रत मागितली, तर काउंटरवर ‘सही करा, सगळे करतात’. मी हटलो नाही, शेवटी एका शिकाऊ डॉक्टरने बसून ओळ न ओळ मराठीत सांगितली. चांगल्या डोळ्याला हात लावायची परवानगी माणूस न कळणाऱ्या कागदावर का देईल? थेंबांचा तक्ताही इंग्रजीत आणि बारीक अक्षरात, तोही ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. ओपीडीत सकाळी गेलं की दुपार होते. आणि मेंब्रेन, ग्लू यांचं बिल ऑपरेशनच्या खर्चाबाहेर असतं हे आदल्या दिवशी कळलं. ग्लूचा किट स्वस्त नाही. आधीच लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात ही दोन नावं आहेत का बघा. तरी सगळं धरून खर्च त्या चरबीवाल्यांच्या पॅकेजच्या निम्म्याहून कमी आला. कामावरची इजा असेल आणि ईएसआय (कामगार विमा) कापली जात असेल, तर मालकाकडून अपघाताचा रिपोर्ट लगेच भरून घ्या. रजेच्या काळात सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. तो रिपोर्ट उशिरा गेला की पुढे फार पळावं लागतं.

उपचाराचा कापलेला अर्धा गुण नजरेचा. स्लेट वरचा थर परत आणते, खोलवरचा डाग पुसत नाही. माझ्या बुबुळाच्या आतल्या थरात करडा डाग आहे, त्यामुळे उजव्याने पेपर वाचता येत नाही. मॅडमनी हे ऑपरेशनआधीच सांगितलं होतं, म्हणून निराशा झाली नाही. आता आधी स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) लावून किती सुधारतं ते बघणार आहेत. पुरेसं झालं नाही तर दात्याच्या कॉर्नियाचा नुसता पुढचा थर बसवणार, माझा आतला थर तसाच ठेवून. जे बुबुळरोपण तेव्हा वाया गेलं असतं, त्याला आता टिकायला जागा आहे.

जगातलं पहिलं यशस्वी बुबुळरोपण १९०५ मध्ये एडुआर्ड झिर्म यांनी केलं तो रुग्ण, अलोइस ग्लोगर, मजूरच होता आणि त्याचे डोळे चुन्याने भाजले होते. दोन्ही डोळ्यांत रोपण केलं, एकच टिकलं. तेव्हा लिंबसमधल्या स्टेम सेल कुणाला ठाऊक नव्हत्या.

पहिल्यांदा दाखवायला जाताना ज्या केमिकलने भाजलं त्याच्या डब्याच्या लेबलचा फोटो, पहिल्या दिवशी कुठे किती वेळ धुतलं ते, आणि आजवरचे सगळे थेंब पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना एवढंच विचारा: माझा लिंबस किती उरलाय, दुसरा डोळा देण्याजोगा आहे का, आणि तुम्ही स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्यात. आमच्या मॅडमनी तिन्हींची उत्तरं फोटो समोर ठेवून दिली.